शेड, पहार आणि उटी

"अरे, चार माणसं लाव आणि हलवून घे. त्यात काय एवढं?"

फोनवर बाबा. सांगलीत सकाळचे आठ, आमच्याकडे ओहायोत आदल्या रात्रीचे साडेदहा. अंगणातली शेड हलवायची आहे आणि ती कशी हलवावी या काळजीत मी आहे, एवढंच सांगितलं होतं. त्यावर हे उत्तर. त्यांचं तरी काय चुकलं? सांगलीत जड वस्तू हलवायची तर पहिला प्रश्न 'माणसं कोण?' हाच असतो. 'कशी?' हा प्रश्न त्या माणसांचा. आपण ओट्यावर उभं राहायचं, चहा सांगायचा आणि अधूनमधून "सांभाळून रे" म्हणायचं.

शेड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे शेड म्हटलं की पत्र्याची कारखान्याची शेड डोळ्यांपुढे येते. इथली शेड म्हणजे घरामागच्या अंगणातली लाकडी खोली. आमची आठ बाय दहा फुटांची आहे. तिच्यात गवत कापायचं यंत्र, बर्फ ढकलायची फावडी, मुलाच्या लहानपणीच्या सायकली आणि 'कधीतरी लागेल' या सदरातलं सगळं. ओहायोत अशा शेड बऱ्याचदा आमिश सुतारांनी बांधलेल्या असतात. तीच मंडळी, जी मोटारगाडी बाळगत नाहीत आणि घोडागाडीने फिरतात. लाकूडकाम मात्र असं की बघत राहावं. शेडला पाया नसतो. खाली दोन-तीन जाड लांब वासे असतात, आणि ते खडीच्या थरावर नुसते टेकलेले असतात. म्हणजे तत्त्वतः शेड ही हलवण्याजोगीच वस्तू. तत्त्वतः.

हलवायची वेळ का आली? २०२४ च्या उन्हाळ्यात शेजारच्यांनी कुंपण घालायचं ठरवलं आणि त्यासाठी मोजणी करून घेतली. मोजणीत निघालं की आमची शेड हद्दीपासून जेमतेम तीन फुटांवर आहे. गावाचा नियम दहा फुटांचा. शेड आधीच्या मालकाने ठेवलेली, आम्ही घर घेतलं तेव्हा ती तिथेच होती, पण नियमाला त्याचं काय? गावाच्या कचेरीतून अत्यंत सभ्य भाषेतलं पत्र आलं, तीस दिवसांत शेड सरकवा. शेजाऱ्यांची तक्रार वगैरे काही नव्हती. उलट बिचारे स्वतःच ओशाळले होते.

इथे शेड हलवणारे व्यावसायिक असतात. त्यांच्याकडे छोटं चाकांचं यंत्र असतं, ते शेडखाली सारतात आणि रिमोटने ती चालवत नेतात. एक जण येऊन पाहून गेला. घर आणि कुंपण यांच्यामधल्या बोळातून यंत्र आत जाणार नाही म्हणाला. दुसऱ्याने क्रेनचा भाव सांगितला. त्या भावात नवी शेड आली असती, निदान अर्धी. मग ठरवलं की आपणच हलवू. मी मेकॅनिकल इंजिनिअर. पंचवीस वर्षं पंपांची डिझाइनं करतो. आठ फूट सरकवायचं, ते काय अवघड आहे?

आणि खरंच, कागदावर अवघड नव्हतं. फळ्या, वासे, छपराच्या लाद्या मोजून शेडचं रिकामं वजन काढलं, साधारण ७०० किलो आलं. गवतावरून नुसती ओढायची तर वजनाच्या निम्मं बळ लागेल, म्हणजे ३५० किलो. ते काही जमणारं नव्हतं. पण खाली फळ्या अंथरल्या आणि त्यांवर गोल पाइप ठेवून शेड त्यांवरून लोटली, तर हेच बळ वजनाच्या दोन-तीन टक्क्यांवर येतं. पंधरा-वीस किलो! माझा मुलगा एकटा लोटेल. पाइपांवर चढवण्यासाठी कडा उचलायची तर सहा फुटी पहार. टेकू टोकापासून सहा इंचांवर ठेवला की अकरापट फायदा. अर्धी शेड ३५० किलो, भागिले अकरा, बत्तीस किलो. मी पहारीवर नुसता रेललो तरी पुरे.

हे काही माझं संशोधन नव्हे, हे सांगायला नकोच. इजिप्तमध्ये जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीचं एक चित्र आहे. प्रचंड पुतळा घसरगाडीवर ठेवून माणसांच्या रांगा ओढताहेत आणि घसरगाडीच्या पुढच्या टोकावर उभा एक माणूस वाळूवर पाणी ओततो आहे. हे पाणी धार्मिक विधीचं असावं असं बरेच दिवस मानत. २०१४ साली ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून दाखवलं की योग्य तेवढी ओली केलेली वाळू ओढण्याचं बळ निम्म्यावर आणते. म्हणजे तो पाणी ओतणारा भटजी नसून इंजिनिअर होता. हे चित्र मी मुलाला मोठ्या अभिमानाने दाखवलं.

तर ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मंडळी जमली. मी, दोन मित्र (एक नागपूरकर, एक विजयवाड्याचा), माझा पंधरा वर्षांचा मुलगा आणि ज्यांच्या मोजणीमुळे हे सगळं सुरू झालं ते शेजारी. वय सत्तरीच्या पुढे, रेल्वेच्या यार्डात नोकरी करून निवृत्त झालेले. सामान: दोन पहारी, गाडीचा जॅक, एक बाटली जॅक, लाकडाचे ठोकळे, लांब फळ्या, प्लंबिंगच्या जाड प्लास्टिक पाइपचे सहा तुकडे आणि दोरखंड. बायकोने पोहे केले होते. "अरे, हॉस्पिटल कुठलं उघडं आहे ते बघून ठेवलंयस ना?" एवढंच विचारून ती आत गेली.

पहिला तासभर उचलण्यात गेला. बाटली जॅक मऊ मातीत असा रुतला की वर शेड उचलण्याऐवजी स्वतःच खाली निघाला. त्याखाली फळी घातली तेव्हा काम सुरू झालं. शेजाऱ्यांचा एकच हेका: एक इंच उचला, एक इंच ठोकळे भरा, मग पुढचा इंच. "जॅकवर विश्वास ठेवू नका, ठोकळ्यांवर ठेवा." शेडखालून एक लठ्ठ ग्राउंडहॉग बाहेर आला. आपल्या घुशीचा श्रीमंत मावसभाऊ समजा. आमच्याकडे तुच्छतेने पाहून तो झाडीत गेला. पाइप सारले, दोर बांधला, आम्ही तिघे पुढून ओढायला. मुलाला सगळ्यांत सोपं काम दिलं. शेड पुढे सरकली की मागे मोकळा झालेला पाइप उचलायचा आणि पुढे आणून ठेवायचा.

ओढलं, आणि शेड चालू लागली! ७०० किलोचं घर लोण्यावरून सरकल्यासारखं सरकलं. विजयवाडाकर मोठ्याने ओरडला, मी 'बघा, म्हटलं नव्हतं?' अशा चेहऱ्याने सगळ्यांकडे पाहिलं. एक फूट, दोन फूट, तीन फूट.

इथवर शेड सपाट खडीवर होती. त्यापुढे अंगणाला उतार. फार नाही, वीस फुटांत एक फूट. डोळ्यांना कळतही नाही, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून ठेवलेला असतो. मी सगळं मोजलं होतं, हे मोजलं नव्हतं. वीसात एक म्हणजे ७०० किलोवर पस्तीस किलोचा ओढा, आणि मी मोठ्या हुशारीने अडवणारं बळ पंधरा किलोवर आणून ठेवलेलं. आता शेडला आमची गरजच नव्हती.

दोर सैल पडला तेव्हा मला कळलं. आम्ही तिघे बाजूला झालो. पण मुलगा शेडच्या ऐन पुढे वाकून पाइप ठेवत होता. मी हाक मारली, ती मराठीत की इंग्रजीत ते आठवत नाही. शेड पावणेदोन फूट गेली, त्याला दोन सेकंद लागले असतील. मग 'कर्र' असा आवाज झाला आणि ती थांबली. शेजाऱ्यांनी वाशाखाली जळाऊ लाकडाचा एक ओंडका सारला होता.

गंमत म्हणजे तो ओंडका हातात घेऊन ते सुरुवातीपासून शेडच्या बाजूने चालत होते आणि मला वाटत होतं, म्हातारबुवा मदत काही करत नाहीत, नुसते हिंडताहेत.

मुलाला काही झालं नाही. हातमोजा वाशाखाली अडकला, हात निघाला. तो हसला. मी गवतावर बसलो.

त्या ओंडक्याला आपल्याकडे शब्द आहे. उटी. घाटात ट्रक थांबला की क्लीनर उडी मारून चाकामागे लावतो ती. ट्रक दमाने चढत असेल तर उटी हातात घेऊन तो चाकाबरोबर चालतो. हा शब्द मी किती तरी वर्षांत उच्चारला नव्हता. तिथे बसल्या बसल्या तो आठवला आणि त्याच्यामागून १९८३ सालची तिजोरी आठवली.

गणपती पेठेत आजोबांचं अडतीचं दुकान होतं. हळद, गूळ. दुकानातली लोखंडी तिजोरी मागच्या खोलीतून नव्या जागेत न्यायची होती. चार हमाल आणि त्यांचा मुकादम आले. पहारी, पाण्याच्या लोखंडी पाइपचे तीन तुकडे, दोर. हुबेहूब आमचं ऑक्टोबरातलं सामान! मी दहा वर्षांचा, पोत्यांच्या थप्पीवर बसून बघत होतो. दुकानाच्या दारातून रस्त्यावर उतरायला फरशीचा उतार होता. मुकादमाने तो पाहिला आणि म्हणाला, "मालक, उतार हाय. मागनं दोर धराया आनी दोन गडी पायजेत." आजोबा म्हणाले, "चौघं आहात की. आटपा, गिऱ्हाईक खोळंबलंय." वाईट नव्हते हो आजोबा. दोन गड्यांची मजुरी वाचवत होते इतकंच. तिजोरी उतारावर निघाली आणि पुढे पाइप ठेवणाऱ्याच्या पायावर गेली. अंगठा चेचला. आजोबांनी टिंक्चर आणवलं, दहा रुपये जास्त दिले. चहा दिला, त्यांच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपात. मग तिजोरी जागेवर बसवून घेतली.

त्या हमालाचं नाव मला माहीत नव्हतं. तिजोरी बनवणाऱ्या कंपनीचं पाठ होतं.

आता मुद्द्यावर येतो. परदेशात राहणारी माणसं अशी गोष्ट सांगितली की शेवटी ठराविक प्रवचन देतात. 'इथे श्रमाला प्रतिष्ठा आहे, इथे डॉक्टरसुद्धा स्वतःचं गवत कापतो, आपल्याकडे मात्र...' हे प्रवचन मीही दिलेलं आहे, सुट्टीत घरी आल्यावर, सोफ्यावर बसून. आता देणार नाही. कारण ते अर्धंच खरं आहे. इथला डॉक्टर गवत कापतो तो मजुरी महाग म्हणून. जिथे मजुरी परवडते तिथे इथलेही लोक माणसंच लावतात. माझ्या घराचं छप्पर बदललं तेव्हा वर चढलेली सगळी माणसं मध्य अमेरिकेतून आलेली होती. भर उन्हात, तीव्र उतारावर, निम्म्यांच्या कमरेला दोर नव्हता. मी खाली उभा राहून थंड पाण्याच्या बाटल्या देत होतो आणि "सांभाळून" म्हणत होतो. आजोबांच्या ओट्यापासून मी फार लांब आलेलो नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते जुगाडाबद्दल आहे. हल्ली जुगाडाला फार बरे दिवस आले आहेत. २०१२ साली 'जुगाड इनोव्हेशन' नावाचं व्यवस्थापनाचं इंग्रजी पुस्तक आलं, तेव्हापासून तर आमच्या ऑफिसातले गोरे साहेबही मला कौतुकाने विचारतात, "तुमच्याकडे तो शब्द आहे ना?" आणि आपणही छाती फुगवतो. मलाही जुगाड आवडतो. मिळेल त्या वस्तूने काम भागवणं ही अक्कलच आहे, आणि पाइपावरून तिजोरी नेणारा मुकादम माझ्यापेक्षा कमी इंजिनिअर नव्हता. उलट मागून दोर लागतो हे त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं.

पण कौतुक करण्याआधी एक विचारावं: हा जुगाड फसला तर कोणाच्या पायावर पडणार? युक्ती ठरवणारा आणि पुढे वाकून पाइप ठेवणारा एकच असेल तर जुगाड आपोआप शहाणा होतो. तो माणूस दोनदा बघतो, उटी हाताशी ठेवतो, उतार तपासतो. ठरवणारा ओट्यावर आणि पाय दुसऱ्याचा, असं झालं की त्याच जुगाडाला 'काटकसर' म्हणतात आणि दोन गडी कमी होतात. गटारात उतरणाऱ्या माणसाकडे बघा. हाताने मैला काढायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली तो आणखी कडक झाला, तरी माणसं दोर आणि बादली घेऊन उतरतात आणि गुदमरून मरतात. तोही जुगाडच. यंत्र नाही, मुखवटा नाही, भागवून घ्या. जो 'भागवून घ्या' म्हणतो तो कधी उतरत नाही.

याच्या उलट एक गोष्ट इथलीच. नेब्रास्कात ब्रुनो नावाचं चिमुकलं गाव आहे. तिथल्या हर्मन ऑस्ट्री या शेतकऱ्याच्या धान्यकोठारात पुराचं पाणी शिरलं. कोठार वर टेकाडाकडे न्यायचं, पण खर्च परवडेना. त्याच्या मुलाने एकेक फळी मोजून कोठाराचं वजन काढलं आणि भोवती लोखंडी नळ्यांची, दांड्यांची चौकट बसवली. ३० जुलै १९८८ रोजी ३४४ माणसांनी ते कोठार हातांनी उचललं आणि वर नेऊन ठेवलं. चौकटीसकट वजन सुमारे ९ टन, म्हणजे दरडोई २६ किलो. एका पोत्याच्या निम्मं! लोक या गोष्टीत एकीचं बळ वगैरे बघतात. मला त्यातला भागाकार आवडतो. आधी वजन मोजलं, मग एकेकाला झेपेल एवढं वाटून दिलं.

आपल्याकडे तो भागाकार हमालांना स्वतःच मागावा लागला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच शिफारस केली होती की माणसाने एका वेळी ५५ किलोहून जास्त वाहू नये. आमच्या पेठेत तेव्हा, आणि नंतरही कित्येक वर्षं, शंभर किलोचं पोतं एकट्याच्या पाठीवर जायचं. महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला १९६९ साली, आणि तो कामगारांनी लढून मिळवला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. पोत्याचं वजन ५० किलोवर आणा, ही हमालांच्या संघटनांची जुनी मागणी. आजोबांच्या दुकानात या मागणीला 'माजलेत' असा एक शब्द होता. मीही तो लहानपणी वापरला असेल. पन्नास किलो म्हणजे काय, हे मला बत्तीस किलोच्या पहारीवर रेलताना कळलं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी!

असो. शेडचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. अर्ध्या तासाने, चहा पिऊन, पुन्हा सुरुवात केली. या वेळी दोर मागे बांधला आणि मेपलच्या खोडाला एक वेढा देऊन हळूहळू सोडला. एका वेढ्याने हातावरचा ओढा पाच-सहापटीने कमी होतो, हेही पुस्तकात शिकलो होतो आणि विसरलो होतो. सकाळभर ज्या घर्षणाला शिव्या दिल्या तेच आता कामाला आलं. पाइप ठेवायचं काम मी घेतलं. मुलगा उटी घेऊन शेजाऱ्यांबरोबर चालला. उरलेल्या तीन-सव्वातीन फुटांना दीड तास लागला. शेड आता हद्दीपासून अकरा फुटांवर आहे, जराशी वाकडी. गावाचा माणूस येऊन फीत लावून गेला. ग्राउंडहॉगही परत आला.

त्या रात्री बाबांना फोन केला. सगळं सांगितलं, मुलाच्या हातमोज्यासकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला तिजोरी आठवते का रे?" म्हणजे त्यांनाही तीच आठवली होती. मी विचारलं, "त्याचं नाव काय होतं हो, बाबा?" त्यांनी लगेच सांगितलं. आडनाव, गाव, सगळं. तो पुढे दोन वर्षं पेठेत दिसायचा, लंगडत. मग दिसला नाही. "दोन गडी जास्त घ्यायला हवे होते," बाबा म्हणाले. "मी तिथेच उभा होतो. मी बोललो नाही."

ते नाव मी इथे लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय लिहू नये. पण तुमच्या घरात या दिवाळीला कपाट हलवायला, टाकी चढवायला, पंखा लावायला कोणी आलं आणि म्हणालं की 'साहेब, आणखी एक माणूस लागेल', तर घासाघीस करू नका. आणि जमलं तर दोराला हात लावा. मागच्या बाजूने.